पॅनल रूममधली चांदी काळी का पडते आणि ती कशी वाचवायची

बुटीबोरीकडच्या एका कारखान्यात ईटीपीच्या (सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) पॅनल रूममधलं पीएलसीचं (यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणकाचं) एकच ॲनालॉग कार्ड चौदा महिन्यांत तिसऱ्यांदा गेलं, तेव्हा मला बोलावणं आलं. नवं कार्ड मागवून झालं होतं, अर्थिंग तपासून झालं होतं, सर्ज प्रोटेक्टर बदलून झाले होते. मी जुनं कार्ड टेबलावर घेतलं आणि सराफाकडची दहापट भिंग डोळ्याला लावली. तांदळाच्या कणीएवढा एक रेझिस्टर, वर १०३ छापलेलं, म्हणजे दहा हजार ओहम. मीटरने दाखवलं ओपन, म्हणजे आतली वाट तुटलेली. जळाल्याचा डाग नाही, भेगही नाही. वरचा लेप संपून कथलाचं टोक जिथे सुरू होतं, त्या सांध्यावर मात्र बारीक काळी लव उगवली होती. शेजारी उभा असलेला इलेक्ट्रिशियन वाकून बघत म्हणाला, "साहेब, हे तर आमच्या घरच्या पैंजणावानी काळं पडून राह्यलं."

त्याचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. अशा रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना निकेल आणि कथलाच्या खाली चांदीच्या पेस्टचा पातळ थर असतो. लेप आणि निकेल यांच्या फटीतून हवेतला गंधकाचा वायू आत शिरतो, चांदीचं सल्फाइड होत जातं, आणि शेवटी तिथे वीज वाहून न्यायला चांदीच उरत नाही. कार्ड बदललं तरी वायू तिथेच असतो, त्यामुळे नव्या कार्डाचीही तीच गत होते.

गेली वीस-बावीस वर्षं मी नागपूरच्या आसपासच्या कारखान्यांत आणि पंपिंग स्टेशनांत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो. हा आजार कसा ओळखायचा, मोजायचा आणि थांबवायचा, ते मी करतो त्याच क्रमाने खाली लिहिलं आहे.

आधी गुन्हेगार नीट ओळखा

आपल्याकडे कुठल्याही गंजाचं खापर कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या चिमण्यांवर फोडायची सवय आहे. लोखंड, जस्त, तांबं यांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे, कारण सल्फर डायऑक्साइड ओलाव्यात मिसळला की या धातूंना खातो. चांदीला मात्र एकट्या सल्फर डायऑक्साइडचं फारसं सोयरसुतक नाही. तिचा खरा वैरी हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. त्याच्या जोडीला कार्बोनिल सल्फाइड आणि गंधकाची वाफ. सांडपाण्याचा संप (पाणी साचवायचा खड्डा), ईटीपीची ऑक्सिजन न पोचणारी टाकी, गाळाचे खड्डे, रबर व्हल्कनाइज करणारी, म्हणजे गंधक घालून पक्कं करणारी शेड, कागदाचा लगदा शिजवणारी गिरणी, व्हिस्कोसचा कारखाना, ही त्याची माहेरघरं. शहरात नाग नदीच्या काठचं कुठलंही पंपिंग स्टेशन त्याच यादीत येतं.

रसायन सोपं आहे. चांदीचे चार अणू, हायड्रोजन सल्फाइडचे दोन रेणू आणि हवेतल्या ऑक्सिजनचा एक रेणू मिळून सिल्व्हर सल्फाइडचे दोन रेणू आणि पाण्याचे दोन रेणू तयार होतात. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइड खालच्या धातूला झाकून ठेवतो, तसं हे सल्फाइड करत नाही. चांदीचे आयन त्यातून आरामात वर सरकतात आणि थर वाढतच राहतो.

यासाठी वायू किती लागतो हे कळलं की झोप उडते. कंट्रोल रूमच्या हवेसाठी जे आयएसए ७१.०४ हे मानक वापरतात, त्यात सर्वांत सौम्य वर्गासाठी हायड्रोजन सल्फाइडची मर्यादा ३ पीपीबी धरली आहे, म्हणजे हवेच्या अब्ज भागांत तीन. आपल्या खिशाला लटकवायच्या गॅस मीटरचा पहिला भोंगा साधारण १० पीपीएमला वाजतो, म्हणजे १०,००० पीपीबीला. तो मीटर माणसाचा जीव वाचवायला आहे. त्यावर शून्य दिसतंय म्हणून चांदी सुखरूप आहे असं समजणारे इंजिनिअर मी डझनाने पाहिले.

वास कुठून येतो ते शोधा

माझ्या अनुभवात वायू दारातून क्वचितच येतो. तो येतो केबल ट्रेंचमधून, म्हणजे केबलसाठी खणलेल्या चरातून. संपवरच्या सबमर्सिबल पंपाची केबल कंड्यूटमधून, म्हणजे नळीतून निघते, ट्रेंचमध्ये उतरते आणि थेट पॅनलच्या खालून वर चढते. त्या कंड्यूटचं एक तोंड सांडपाण्याच्या वर आणि दुसरं तुमच्या पीएलसीच्या पायाशी. त्यात पॅनल आतून गरम, म्हणजे त्याला धुराड्यासारखी ओढ. वर एक्झॉस्ट पंखा लावला असेल तर विचारूच नका, तो पंखा संपातली हवा शोषून कार्डांना पाजत असतो. बुटीबोरीच्या त्या खोलीत नेमकं हेच चाललं होतं.

ट्रेंच तपासायला लोक उदबत्ती पेटवतात. संपाजवळ मुळीच पेटवू नका, तिथे मिथेन असू शकतो. मी देवघरातली कापसाची वात उकलून तिचा एक तलम धागा काडीला बांधतो आणि प्रत्येक ग्लँड प्लेटच्या (जिथून केबल पॅनलमध्ये शिरते त्या पत्र्याच्या) फटीशी धरतो. धागा पॅनलच्या आत ओढला गेला, तर ती फट म्हणजे वायूची वाट. त्या दिवशी सात पॅनलांपैकी पाचांत धागा आत वळला. संपात वाकून मात्र बघू नका. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात साचतो, आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणून वायू संपला असं समजून उतरलेली माणसं परत वर आलेली नाहीत. संपाचं काही बघायचं असेल तर परमिट, मीटर आणि वर उभा दुसरा माणूस याशिवाय नाही.

दुसरी वाट आपल्या उन्हाळ्याची देणगी आहे. पॅनल रूमला लागून बॅटरी रूम किंवा संडास असतो, त्यात नहाणी ट्रॅप. पावसाळ्यात त्यात पाणी असतं म्हणून गटाराची हवा वर येत नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की वापरात नसलेला ट्रॅप कोरडा पडतो आणि थेट गटाराशी संधान जुळतं. उपाय फुकटचा आहे. दर आठवड्याला एक तांब्या पाणी ओता, आणि वरून चमचाभर गोडेतेल, म्हणजे पाणी उडणं मंदावतं.

तिसरी गोष्ट सांगितली की लोक माझ्यावर चिडतात. पॅनल रूमला कूलर लावू नका. घरी बसून खसाच्या ताटीची हवा खायला मलाही आवडते. पण कूलर तासाला काही हजार घनमीटर बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणजे बाहेर जो काही वायू असेल तो सगळा आत, आणि त्यावर ओलावा फुकट. त्याच मानकात एक ठोकताळा दिला आहे. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर गेली की पुढच्या प्रत्येक १० टक्क्यांना गंजाचा वर्ग एका पायरीने वाढतो असं धरून चाला. विदर्भाच्या कोरड्या मेमध्ये जी खोली आपोआप बचावली असती, ती आपण कूलर लावून जुलैसारखी करून ठेवतो. एसी लावा, आणि तोही खोलीतलीच हवा फिरवणारा.

मोजायचं कसं

अंदाजाने काम करू नका, पट्ट्या टांगा. महागड्या यंत्राची गरज नाही. इतवारीच्या सराफ्यातून चोख चांदीची पट्टी घ्या. दागिन्याची ९२५ नको, कारण तिच्यात साडेसात टक्के तांबं असतं आणि हिशेब बिघडतो. रोलिंग मशीनवर ०.१ मिलिमीटर जाड काढून पाच बाय दहा सेंटिमीटरचा तुकडा मागितला तर चांदी साधारण सव्वापाच ग्रॅम लागते. तेवढीच तांब्याची पट्टीही घ्या, कारण तांबं आणि चांदी वेगवेगळ्या गोष्टी सांगतात.

दोन्ही पट्ट्या हजार-बाराशे नंबरच्या पॉलिश पेपरने एकाच दिशेने घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवू नका. बोटाच्या घामातलं मीठ चांदीवर क्लोराइडचा डाग उठवतं. नायलॉनच्या दोऱ्याने टांगा. एक जोडी पॅनलच्या आत कार्डांच्या उंचीवर, एक खोलीत, एक ट्रेंचच्या झाकणाखाली. तारीख लिहा आणि ३० दिवस विसरून जा.

महिन्याने रंग वाचा. सिल्व्हर सल्फाइडचा पातळ थर आधी फिकट पिवळा दिसतो, मग तपकिरी, मग जांभळट, मग निळा, आणि शेवटी करडा-काळा. साबणाच्या फुग्यावर दिसतात तसेच हे प्रकाशाच्या व्यतिकरणाचे रंग. नेमका आकडा हवा असेल तर वजन करा, पण काटा चांगला हवा. मी हिशेब मांडून पाहिला. महिन्याला २००० अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) जाडीचा थर बसला, तरी एका चौरस सेंटिमीटरवर गंधकाची भर पडते जेमतेम १९ मायक्रोग्रॅम. वरच्या पट्टीच्या दोन्ही बाजू मिळून शंभर चौरस सेंटिमीटर, म्हणजे एकूण १.९ मिलिग्रॅम. सराफाचा मिलिग्रॅमचा काटा इथे कामाचा नाही. कुठल्याही विज्ञान महाविद्यालयाच्या रसायन विभागात ०.१ मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा काटा असतो, गोड बोलून तिथे जा. यापेक्षा बारकावा हवा असेल तर व्यावसायिक प्रयोगशाळा विद्युत-रासायनिक पद्धतीने थर उतरवून मोजतात, त्यात सल्फाइड किती आणि क्लोराइड किती हेही वेगळं कळतं.

आकडा हातात आला की वर्ग लावा. आयएसए ७१.०४ हे मानक १९८५ चं, पण त्यात तेव्हा फक्त तांबंच होतं. चांदीची मर्यादा २०१३ च्या आवृत्तीत आली. चांदीवर ३० दिवसांत २०० अँगस्ट्रॉमच्या आत थर बसला तर जी१, म्हणजे सौम्य. १००० च्या आत जी२, मध्यम. २००० च्या आत जी३, तीव्र. त्यावर जीएक्स, तिथे साधं इलेक्ट्रॉनिक्स ठेवूच नये. तांब्याचे आकडे जवळजवळ हेच आहेत, फक्त जी१ ची सीमा ३०० आहे.

या आकड्यांना व्यवहारात काय अर्थ आहे? २००० अँगस्ट्रॉम म्हणजे ०.२ मायक्रॉन. इतकं सल्फाइड तयार व्हायला सुमारे ०.१२ मायक्रॉन चांदी खपते. आणि इमर्शन सिल्व्हर फिनिशच्या, म्हणजे तांब्यावर चांदीचा पातळ मुलामा दिलेल्या सर्किट बोर्डवर चांदीचा थर असतोच मुळी ०.१ ते ०.४ मायक्रॉनच्या आसपास. बाकी गणित तुम्ही करा.

२००६ च्या जुलैत युरोपचा शिसंबंदीचा नियम लागू झाल्यावर शिसं-कथलाचं फिनिश मागे पडलं आणि त्या जागी जे पर्याय आले, त्यांतला एक हा इमर्शन सिल्व्हर. जुनी कार्डं पंधरा-पंधरा वर्षं चालायची आणि नवी वर्षभरात जातात, अशी तक्रार जुने फिटर करतात, त्यांना आपण हसतो. सल्फाइडच्या खोलीत त्यांचं म्हणणं खरं असू शकतं. चांदीच्या थराच्या कडेने खालचं तांबं उघडं पडतं, आणि कॉपर सल्फाइडची काळी साय बोर्डवर पसरत दोन ट्रॅकना जोडते. अशा वेळी कार्ड ओपन होत नाही, शॉर्ट होतं.

बुटीबोरीत पॅनलच्या आतली चांदीची पट्टी महिन्याने निळी-काळी निघाली आणि खोलीत मध्यभागी टांगलेली फक्त तपकिरी. ट्रेंचबद्दलचा माझा संशय खरा की नाही याचा कारखान्याच्या साहेबांशी तासभर वाद झाला होता. त्या दोन पट्ट्या टेबलावर शेजारी ठेवल्या आणि वाद मिटला.

बंदोबस्त

पहिलं काम गवंड्याचं. संपाकडून येणारं प्रत्येक कंड्यूट दोन्ही टोकांना बुजवा. रॉकवूल ठासून वर फायर-स्टॉप सीलंट. ट्रेंच जिथे भिंतीतून खोलीत शिरते तिथे विटा आणि सिमेंटचा आडवा बांध, केबल सोडून उरलेली जागा सीलंटने भरा. सिलिकॉन सीलंट वापरणार असाल तर न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सीलंट सुकताना ॲसिटिक आम्ल सोडतं, म्हणजे आगीतून फुफाट्यात. ग्लँड प्लेटवरची मोकळी भोकं बुजवा. नवी केबल टाकणारा कंत्राटदार सील फोडून निघून जातो आणि पुन्हा बुजवत नाही, म्हणून त्याच्या बिलावर सही करण्याआधी धागा धरून बघा.

दुसरं, एक्झॉस्ट पंखे बंद करा आणि हवेची दिशा उलटी करा. खोलीत गाळलेली हवा थोडी जास्त दाबाने सोडली, तर दाराच्या फटीतून हवा बाहेरच जाते, आत येत नाही. दारात तोच धागा धरून बघा, तो बाहेर झुकला पाहिजे. गाळायला साधं धुळीचं फिल्टर कुचकामी आहे, कारण वायू त्यातून सरळ जातो. पोटॅशियम परमँगनेट लावलेल्या ॲल्युमिनाच्या गोळ्या किंवा प्रक्रिया केलेला कार्बन लागतो. साधा कार्बन हायड्रोजन सल्फाइड फारसा धरत नाही. परमँगनेटच्या गोळ्यांची एक सोय म्हणजे त्या ताज्या असताना जांभळ्या असतात आणि संपत आल्या की तपकिरी होतात. दर दोन महिन्यांनी मूठभर काढून एक गोळी फोडून आतून बघा. वरून तपकिरी आणि आत जांभळी असेल तर अजून जीव आहे.

काय विकत घ्यायचं

रिले म्हणजे विजेने चालणारा स्विच, त्याबद्दल एक गैरसमज आहे की चांदीचे कॉन्टॅक्ट काळे पडले म्हणजे गेले. जो कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या भाराचा रिले, मोटर चालवतो, त्याच्यात प्रत्येक वेळी ठिणगी पडते, सल्फाइड जळून जातं आणि कॉन्टॅक्ट काळा दिसूनही झकास चालतो. रडतो तो रिले, जो २४ व्होल्टवर दोन-चार मिलिॲम्पिअरचा सिग्नल पीएलसीला देतो. तिथे ठिणगी नाही, त्यामुळे थर तसाच राहतो आणि सिग्नल कधी येतो, कधी गायब. अशा जागी सोन्याचा मुलामा असलेले, शक्यतो दुहेरी टोकांचे कॉन्टॅक्ट घ्या, आणि डेटाशीटमधला किमान भार वाचा. मात्र असा रिले एकदा जड भारावर वापरला की सोनं उडून जातं. मग त्याला परत सिग्नलच्या कामाला लावू नका. स्टोअरमध्ये फिरून आलेल्या रिलेंवर मी म्हणूनच विश्वास ठेवत नाही.

कार्डं मागवताना पुरवठादाराला दोन प्रश्न लेखी विचारा. रेझिस्टर अँटी-सल्फर आहेत का, आणि बोर्डचं फिनिश कुठलं. अँटी-सल्फर रेझिस्टरमध्ये चांदीत पॅलेडियम मिसळतात किंवा दुसराच धातू वापरतात. कॉन्फॉर्मल कोटिंग, म्हणजे कार्डावरचा संरक्षक लेप, आहे एवढं ऐकून खूश होऊ नका. सिलिकॉनचं कोटिंग पाण्याला अडवतं, पण गंधकाच्या वायूला वाट देतं. या कामाला ॲक्रिलिक किंवा युरेथेन बरं.

एलईडीचे दिवेही यातून सुटत नाहीत. कित्येक एलईडींमध्ये चिपखालचा आरसा चांदीचाच असतो, आणि वर सिलिकॉन. संपावरचे दिवे वर्षभरात मंद आणि पिवळट होतात ते यामुळे. सील केलेले फिटिंग घ्या, आणि त्याचं गॅस्केट गंधकाने व्हल्कनाइज केलेल्या रबराचं नाही ना, तेवढं विचारा.

बसबार (जास्त वीज वाहणाऱ्या धातूच्या पट्ट्या) आणि आयसोलेटर (पुरवठा तोडायचा स्विच) यांचं वेगळं. चांदीचा मुलामा असलेला जोड गरम राहिला तर हायड्रोजन सल्फाइडच्या हवेत त्यावर बारीक तंतू उगवतात, आणि ते समोरच्या फेजपर्यंत पोचले तर मोठा घोळ. सहा महिन्यांनी थर्मोग्राफी (उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याने तपासणी) करा, शटडाउनमध्ये मायक्रो-ओहम मीटरने जोडांचा रोध मोजून वहीत लिहा. तंतू दिसले तर चालू पॅनलमध्ये हवेचा फवारा मारू नका. ते उडून कुठे जाऊन बसतील सांगता येत नाही. पॅनल बंद करून व्हॅक्यूमने ओढा. नवं पॅनल अशा जागेसाठी घेत असाल तर कथलाचा मुलामा मागा.

साफ करायचं का?

कार्डावरचं सल्फाइड पुसून गेलेला रेझिस्टर परत येत नाही. रिले बदलणं साफ करण्यापेक्षा स्वस्त. उरतात ते मोठे चांदीचे कॉन्टॅक्ट आणि बसबारचे जोड. तिथे नॉन-वोव्हन नायलॉनचा पॅड हलक्या हाताने आणि अल्कोहोल, बस. एमरी पेपर लावला की चार-दोन मायक्रॉनचा मुलामा एका हातात निघून जातो आणि खालचं तांबं उघडं पडतं.

घरचे उपाय लोक सुचवतात. रिठ्याच्या पाण्याने मळ जातो, सल्फाइड जात नाही. ॲल्युमिनियम फॉइल, गरम पाणी आणि खायचा सोडा हा उपाय खरा आहे, त्यात सल्फाइडची पुन्हा चांदी होते. पण तो ताम्हन-समईसाठी ठेवा. त्यातूनही थोडा हायड्रोजन सल्फाइड सुटतो, वास येतोच. हीच युक्ती निदानाला मात्र छान आहे. काळी पडलेली पट्टी फॉइलला टेकवून सोड्याच्या गरम पाण्यात बुडवा. काळेपणा विरघळल्यासारखा गेला तर सल्फाइड, तसाच राहिला तर काजळी किंवा दुसरं काही.

सुटे भाग

सील झाल्यावर बुटीबोरीचं कार्ड दोन पावसाळे टिकलं. तिसऱ्या वर्षी पुन्हा फोन आला, या वेळी पॅकिंगमधून काढलेला नवा कोरा रिले पहिल्याच दिवशी सिग्नल देईना. स्टोअरमध्ये गेलो. स्टोअरकीपरने नीटनेटकेपणाने दहा-दहा रिलेंचे गठ्ठे करून त्यांना रबरबँड लावले होते, आणि गठ्ठे जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, टायरट्यूबच्या शेजारी. एका चांदीच्या मुलाम्याच्या टर्मिनलवर रबरबँड जिथे टेकला होता तिथे त्याच्याच रुंदीची काळी रेघ उमटली होती, पट्टीने आखल्यासारखी.

तेव्हा चांदीचं जे काही असेल ते जाड पॉलिथिनच्या झिपवाल्या पिशवीत, सिलिका जेलची पुडी टाकून, हवा दाबून काढून बंद करा. रबरबँड नाही, पुठ्ठा नाही, लोकर नाही, वर्तमानपत्र नाही. पिशवीवर तारीख घाला, आणि जुनं आधी वापरा. आणि त्याच कपाटात चांदीची एक छोटी पट्टी टांगून ठेवा. ती पिवळी पडली की कपाटाची जागा बदला.